हत्ती, गणित आणि मोहगावची भिंत

जयविलास महालातील झुंबरांची गोष्ट ग्वाल्हेरकरांना नव्याने सांगावयास नको. प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची ती दोन झुंबरे दरबार हॉलमध्ये टांगण्यापूर्वी छत हे ओझे पेलील की नाही याची खात्री करण्यासाठी मायकेल फिलोज साहेबांनी छतावर हत्ती चढविले, ही कथा आपण आजोबांच्या तोंडून ऐकली आणि पुढे पाहुण्यांना ऐकविली. कोणी आठ हत्ती सांगतो, कोणी दहा. ते वर नेण्यासाठी बांधलेल्या उताराची लांबी तर सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे वाढत जाते. महाल १८७४ साली उभा राहिला आणि झुंबरे आजही जागच्या जागी आहेत, एवढे मात्र निर्विवाद.

गंमत म्हणून हिशेब करून पाहावा. चांगला वाढलेला हत्ती साडेतीन टनांचा धरला तर आठ हत्तींचे अठ्ठावीस टन होतात. झुंबरे दोन्ही मिळून सात टन. म्हणजे परीक्षा चौपट भाराची झाली. आज आपल्या मानक संस्थेच्या काँक्रीटविषयक नियमावलीत, म्हणजे आय.एस. ४५६ मध्ये, शंकास्पद बांधकामाची भारपरीक्षा सांगितली आहे. वापराच्या भाराच्या सव्वापट वजन चोवीस तास ठेवावयाचे, स्लॅब किती वाकतो ते मोजावयाचे आणि वजन उतरविल्यावर तो किती पूर्ववत होतो ते पाहावयाचे. नियमाला सव्वापट पुरते तेथे फिलोजने चौपट घेतले. गणिताचा पुरता भरवसा नसेल त्याने हत्ती अधिक आणावेत, यात शहाणपणच आहे.

दुसरी गोष्ट बडोद्या-कोल्हापूरची. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास महाल यांचे आराखडे मेजर चार्ल्स मँट याचे. त्याच्याविषयी असे सांगतात की, आपल्या आकडेमोडीत कोठेतरी चूक राहून गेली आहे आणि आपले महाल कोसळणार, या धास्तीने अखेरीस त्याच्या मनाचा तोल गेला. १८८१ साली तो वारला. लक्ष्मीविलासचे काम पुढे रॉबर्ट चिझम याने हाती घेतले व १८९० साली ते पुरे झाले. दोन्ही वास्तू आजही दिमाखाने उभ्या आहेत. बिचाऱ्याचे गणित बरोबर होते. झोप मात्र उडाली ती उडालीच.

या दोन जुन्या गोष्टी आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. इमारतीच्या बांधणीचा हिशेब, म्हणजे खांब कोठे, तुळई किती खोल, सळई किती जाड, हे ठरविण्याचे काम आता शिकविलेली यंत्रे करू लागली आहेत. यालाच मशीन लर्निंग म्हणतात. जे काम करण्यास इंजिनिअरला आठवडे लागत, ते काही क्षणांत होते, असे सांगण्यात येते आणि ते पुष्कळसे खरेही आहे. या वेगाचे कौतुक करणारे लेख पुष्कळ येतात, तसेच 'आता इंजिनिअर बुडाला' असा गळा काढणारेही. मला या दोन्हींत फारसा रस नाही. जे घर आपण बांधणार, किंवा ज्या जुन्या घरावर आपण मजला चढविणार, त्याच्याशी या यंत्राचा काय संबंध, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम हे काम वेळ का खाते ते समजून घेतले पाहिजे. वास्तुतज्ज्ञ खोल्यांचा नकाशा देतो. त्यावर बांधणीचा इंजिनिअर खांब व तुळया बसवितो आणि भार मांडतो: स्लॅबचे स्वतःचे वजन, भिंतींचे वजन, माणसांचे व सामानाचे वजन (राहत्या घराला दर चौरस मीटरमागे सुमारे दोनशे किलो धरतात), शिवाय वाऱ्याचा आणि भूकंपाचा आडवा धक्का. मग हा सारा भार खांबाखांबांत कसा वाटला जातो ते काढावयाचे. येथे खरी मेख आहे. एक खांब कमी पडला म्हणून जाड करावा, तर तो जाड झाल्याबरोबर शेजाऱ्यांचाही भार आपल्याकडे ओढून घेतो, आणि मांडलेला सगळा हिशेब पुसून पुन्हा मांडावा लागतो. एकत्र कुटुंबात एका भावाने थोडी अधिक जबाबदारी उचलली की साऱ्या घराची वाटणी बदलते, तसा हा प्रकार आहे. अशा फेऱ्या दहा-वीस होतात, तेव्हा कोठे घर बसते.

पूर्वी हे सारे सरकपट्टीवर आणि वहीत चाले. १९६० साली अमेरिकेत रे क्लफ यांनी ज्या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले, तीत इमारतीचे लहान लहान तुकडे कल्पून शेकडो समीकरणे एकदम सोडवितात. ते काम माणसाच्या हाताचे नव्हे, संगणकाचेच. आपल्याजवळच्या कानपूरच्या आय.आय.टी.त पहिला संगणक १९६३ साली आला. पुढे एवढी प्रगती झाली की आज कोणत्याही तालुक्याच्या गावी इंजिनिअरच्या टेबलावर हे सामर्थ्य असते. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा संगणक गणित सोडवीत असे व आजही सोडवितो. तो माणसापेक्षा लाखपट वेगाने सोडवील, पण रीत तीच, मँट साहेबाची.

नवे यंत्र रीत करीत नाही. त्याला आधी सोडविलेली हजारो उदाहरणे दाखविलेली असतात: हा नकाशा, आणि हे त्याचे खांब, हा दुसरा नकाशा, आणि हे त्याचे खांब. असे पाहता पाहता त्याला एक नजर येते, आणि नवा नकाशा समोर ठेवला की ते समीकरण न मांडता थेट अदमास सांगते. हा विचार वाटतो तितका नवा नाही. होज्जत अदेली आणि त्यांचे सहकारी येह यांनी पोलादी तुळईची रचना अशा शिकविलेल्या जाळ्याकडून करवून घेतल्याचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध केला होता. नंतर २०२१ साली चीनमधील त्सिंग्हुआ विद्यापीठातील मंडळींनी उंच राहत्या इमारतींच्या भारवाही भिंती कोठे असाव्यात हे नकाशा पाहून आपोआप आखणारे यंत्र तयार केले, आणि तेव्हापासून या विषयाला भरते आले आहे. आता पुष्कळ ठिकाणी असे करतात की, शिकविलेल्या यंत्राने शंभर पर्याय झटपट सुचवावेत, इंजिनिअरने त्यांतून दोन निवडावेत आणि त्या दोघांचा हिशेब जुन्या रीतीने पूर्ण करावा. याला कोणी शहाण्याने हरकत घेऊ नये. सळईची व सिमेंटची बचत होते, दहा पर्यायांच्या जागी शंभर पाहता येतात, आणि इंजिनिअरची रात्रीची जागरणे वाचतात.

तर मग हे यंत्र आहे तरी कोण? मला त्याची जात ओळखीची वाटते. वहीत रीत न करता, नुसते दालन पाहून, 'येथे बारा इंची तुळई घ्या' असे सांगणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आपला मिस्त्री. त्याने गणित शिकलेले नसते, परंतु पन्नास घरे बांधलेली असतात, आणि त्याचा अदमास बहुधा बरोबर ठरतो. यंत्राला लोक मोठा गणिती समजतात. वास्तविक तो एक विलक्षण मिस्त्री आहे. त्याने एका रात्रीत दहा हजार घरांचे नकाशे पाहिले आहेत, पण एकही घर पावसात उभे असलेले पाहिले नाही. आणि नवा मिस्त्री दारात आला म्हणजे आपण जो पहिला प्रश्न विचारतो, तोच यालाही विचारला पाहिजे: 'आजवर कोणाकोणाची कामे केलीत?'

या प्रश्नासाठी मी वाचकांना मोहगावास नेतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपले मध्यभारतही त्याच राज्यात विलीन झाले. एकीकडे ग्वाल्हेर आणि दुसरीकडे सौसर, पांढुर्णा, मोहगाव, अशी मराठी बोलणारी दोन टोके एका राज्यात आली ती तेव्हापासून. आपल्यातील काहींच्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत. बाकीच्यांना ते गाव अर्धनारीश्वराच्या देवळामुळे ठाऊक असेल. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौसर तालुक्याबरोबर मोहगावही त्यात गेले. गावाला 'मोहगाव हवेली' असेही म्हणतात. पुण्याच्या हवेली तालुक्यात जशी हवेली शोधू नये, तशी येथेही शोधण्याचे कारण नाही. तो जुन्या महसुली बोलीतला शब्द असावा.

हवेली नसली तरी जुनी घरे आहेत. जाड भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया, कडीपाट आणि वर कवेलू. सातपुड्याचा साग जवळ, म्हणून लाकडाला तोटा नव्हता. संत्र्यांच्या आणि कापसाच्या पैशावर ती घरे उभी राहिली आणि शे-सव्वाशे वर्षे टिकली. आता घरात चार चुली झाल्या, मुले नागपुरास किंवा पुण्यास असली तरी दिवाळीला येतात, त्यांना वेगळी खोली हवी असते. जमीन वाढत नाही, म्हणून घर वर वाढते. कवेलू उतरवितात, जुन्या भिंतीवर स्लॅब टाकतात, आणि स्लॅबवर मजला. याचा हिशेब कोणीही करीत नाही. मोहगावात, सौसरात, पांढुर्ण्यात जी घरे बांधली जातात त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला बांधणीचा इंजिनिअर येतच नाही. मिस्त्री सांगतो, मालक मान डोलावतो. मोठ्या शहरात यंत्राने तीन आठवड्यांचे काम तीन तासांवर आणले असेल, पण जेथे ते काम मुळी होतच नाही, तेथे वेग कशाचा वाढवावयाचा?

याची किंमत माणसे मोजतात. ठाण्याजवळ मुंब्रा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. महाड येथे २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत पडली, १६ जण गेले. ती इमारत पुरती दहा वर्षांचीही नव्हती. यांपैकी कोणतीही इमारत हिशेब सावकाश झाला म्हणून पडलेली नाही.

म्हणून या नव्या मिस्त्रीकडून मला आशा आहे ती वेगाची नव्हे, स्वस्ताईची. जो हिशेब मोहगावच्या माणसाला परवडत नव्हता आणि जो करणारा माणूस गावी येत नव्हता, तो हिशेब जर यंत्रामुळे पाच-दहा पोती सिमेंटच्या किमतीत दारी येणार असेल, तर त्याचे आरतीने स्वागत करावे. येथवर मी यंत्राच्या बाजूचा आहे. अडचण येते ती त्याच्या उमेदवारीची. त्याने ज्यांच्या हाताखाली काम शिकले ती घरे कोणती? उंच मनोरे, चार-पाच मजली सदनिका, सपाट व तपासलेली जमीन, कारखान्यातून आलेले ठरीव काँक्रीट. ज्यांचे नकाशे संगणकात जपून ठेवलेले असतात, त्याच इमारती त्याला शिकावयास मिळतात. मोहगावच्या घराचा नकाशा कोणत्या संगणकात आहे? तो कागदावरसुद्धा नाही.

तिकडच्या एका घराची हकीकत सांगतो. घर नात्यातले आहे, म्हणून नाव सांगत नाही. जुन्या ओसरीवर दोन खोल्या काढावयाच्या होत्या. मुलगा शिकलेला व हौशी. त्याने फोनवरून घराचे फोटो व मापे शहरातल्या एकाकडे धाडली, आणि संध्याकाळच्या आत रंगीत नकाशा परत आला. कोठे किती भार येतो, भिंत किती पेलील, सारे आकडे मांडलेले. हे काम अशाच एका शिकविलेल्या यंत्राने केले होते, असे तो अभिमानाने सांगत होता. नकाशात जुनी भिंत पक्क्या विटेची धरली होती, कारण फोटोत पक्की वीटच दिसत होती. म्हाताऱ्या मिस्त्रीने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "कागद सुंदर आहे जी. पण भिंतीच्या पोटात काय हाय, हे कागदाले कोनं सांगतलं?"

घरमालक म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, मिस्त्री."

"मी तरी काय सांगू, भाऊसाहेब? उकरून पाहा लागते."

उकरून पाहिले. बाहेरून एक थर भाजलेल्या विटेचा, आत सगळी कच्ची वीट आणि माती. हा प्रकार जुन्या बांधकामात सर्रास आढळतो. भाजलेली वीट महाग, म्हणून ती तोंडाला लावीत आणि पोट मातीने भरीत. अशा भिंतीचे बळ पक्क्या भिंतीच्या पासंगालाही पुरत नाही, आणि तिच्यात ओल शिरली तर उरलेलेही जाते. यंत्राने चूक केली असे म्हणता येणार नाही. त्याला जे दाखविले त्यावरून त्याने अदमास बांधला, आणि तो अदमास पक्क्या भिंतीपुरता बरोबरच असेल. परंतु मिस्त्रीला जी शंका आली ती यंत्राला आली नाही. शंका येण्यासाठी पूर्वी कधीतरी अशी भिंत फुटलेली पाहावी लागते. आणि खरे सांगावयाचे तर मुलालाही ती आली नाही. छापील आकड्यांचा दरारा असतो.

हा दरारा केवळ खेड्यातला नाही. अमेरिकेत हार्टफर्ड या गावी एक मोठे क्रीडागृह होते. त्याचे पोलादी जाळीचे छप्पर संगणकाच्या हिशेबावरून केलेले होते, आणि त्या काळी ही मोठी अभिमानाची बाब होती. छप्पर चढवितानाच ते हिशेबापेक्षा दुप्पट वाकलेले आढळले. लोकांनी विचारले, पण हिशेब संगणकाचा आहे, काळजीचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते सबंध छप्पर खाली आले. आदल्या रात्री तेथे बास्केटबॉलचा सामना पाहण्यास सुमारे पाच हजार माणसे बसली होती. ती काही तासांच्या अंतराने वाचली. वाकलेले पोलाद डोळ्यांना दिसत होते आणि कागद म्हणत होता की ते वाकलेले नाही. अशा वेळी कागदावर विश्वास ठेवणारे शिकलेले लोकच असतात, ही नमूद करण्यासारखी गोष्ट आहे.

आणि शिकण्याची सामग्री अपुरी असली म्हणजे काय होते, हे आपण महाराष्ट्रात तर डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेही यंत्र नसताना. भूकंपाचा धोका कोठे किती, याचा नकाशा आपल्याकडे १९६२ पासून नियमावलीत आहे. तो कसा तयार होतो? मागे कोठे धक्के बसले, किती जोराचे बसले, जमिनीखाली काय आहे, यावरून. म्हणजे तोही एका अर्थी मागच्यावरून पुढचे शिकणेच. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, आणि १९७० साली नकाशा बदलावा लागला. त्यानंतरच्या नकाशातही लातूर जिल्ह्यातील किल्लारी हे गाव सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होते, कारण त्या भागाच्या नोंदीत मोठा धक्का नव्हताच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपले असता, तेथे भूकंप झाला. हजारो माणसे गेली. ती मुख्यत्वे मेली ती आपल्याच घरांखाली. दगडाच्या जाड भिंती, दर्शनी दोन थर आणि मध्ये माती-गोटे, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे जड धाबे. भिंतीचे दोन थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले आणि धाबे खाली आले. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. नकाशा करणारे लोक मूर्ख नव्हते. नोंद नाही याचा अर्थ धोका नाही असा वाचला गेला, एवढेच. शिकविलेले यंत्रही नेमके हेच करते. ज्याची नोंद नाही ते त्याच्या जगात नाही, आणि 'मला ठाऊक नाही' असे ते आपण होऊन म्हणत नाही. विचारले की उत्तर देते, अनोळखी घराचेही तितक्याच ठामपणे देते.

मोहगावकडे किल्लारीसारखा धोका आहे असे मला सुचवावयाचे नाही. तथापि सातपुडा व नर्मदेचा पट्टा अगदी निजलेला आहे असेही कोणी समजू नये. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेला आपल्यातील अनेकांना आठवत असेल. शिवाय भूकंपाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पाया खचण्यास काळी जमीन पुरेशी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे घर दरवर्षी थोडे वर-खाली होते. आणि त्याच तालुक्यात काही कोसांवर जमीन पार वेगळी लागते. भूगर्भशास्त्रात खडकांच्या एका प्राचीन मालेला 'सौसर' हे नाव पडले आहे ते याच तालुक्यावरून. एका घराचा पाया काळ्या मातीत, दुसऱ्याचा खडकावर. शहरातल्या मनोऱ्यांवर शिकलेल्या यंत्राला हा फरक सांगितल्याशिवाय कळावा कसा?

आता या बाबतीत करण्यासारखे काय आहे? यंत्र नको म्हणणे हा उपाय नव्हे, आणि यंत्र येईपर्यंत थांबू म्हणणे हाही नव्हे. उपाय असा की, यंत्राला मोहगाव दाखवावे. नागपूर तेथून फार तर दीड-दोन तासांच्या वाटेवर. तेथे १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय, आजचे व्ही.एन.आय.टी., आहे, इतरही महाविद्यालये आहेत. त्यांतील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून परक्या देशांतील तयार आकडे घेऊन यंत्राला शिकवितात. काँक्रीटच्या मजबुतीचे येह यांनी १९९८ साली वापरलेले एक हजार तीस नमुन्यांचे कोष्टक तर जगभरच्या विद्यार्थ्यांनी इतके घोटले आहे की त्यात आता रस उरला नसेल. त्याऐवजी या मुलांनी एक महिना सौसर तालुक्यात घालवावा. शंभर जुन्या घरांच्या भिंती मोजाव्यात: जाडी किती, पोटात काय, मसाला चुन्याचा की मातीचा, पाया किती खोल, तडे कोठून कोठे गेले, मजला कधी चढविला आणि त्यानंतर काय झाले. जी घरे पडली त्यांचीही नोंद घ्यावी. किंबहुना त्यांची आधी घ्यावी, कारण यंत्राला यशाचीच उदाहरणे दाखविली तर त्याला अपयश ओळखता येणार कसे? मग त्या नोंदीवर शिकलेले यंत्र मोहगावच्या घराविषयी बोलू लागले तर ते ऐकण्याजोगे असेल. त्या जुन्या मिस्त्रीलाही या कामात गुरुजी म्हणून बसवावे आणि त्याला मानधन द्यावे. तो गेला की त्याची पन्नास घरे त्याच्याबरोबर जातील.

यात घरमालकांचाही भाग आहे, आणि तो कठीण आहे. आपली जुनी घराणी पाहुण्याला दिवाणखाना दाखवितात, भिंतीचे पोट दाखवीत नाहीत. तडा गेला की त्यावर गिलावा करून तसबीर टांगण्याची आपली रीत. हे मी मोहगावाविषयी म्हणतो तसे लष्कराविषयीही म्हणतो. दाणाओळीत, जनकगंजात फिरताना जुन्या वाड्याच्या माथ्यावर काँक्रीटची खोली दिसली की मला खाली राहणाऱ्यांची काळजी वाटते. तेथे कोणी हत्ती चढवून पाहिलेला नसतो. मोजावयास आलेल्या पोरांना कोणी 'आमच्या घराला काय झाले आहे?' म्हणून दारातूनच वाटेला लावू नये.

आणखी एक मागणी आहे, ती कायदा करणाऱ्यांपाशी. नकाशा यंत्राने केलेला असो वा हाताने, त्याखाली सही करणाऱ्याने ते घर प्रत्यक्ष पाहिले असले पाहिजे, आणि कोणत्या दिवशी पाहिले, भिंत कोठे उकरली, पाया कोठे उघडला, हे सहीशेजारी लिहिले पाहिजे. दोन ओळींचे काम आहे. यंत्रामुळे जी जागरणे वाचली, त्यांतील एक दिवस त्याने एस.टी.त किंवा मोटारीत घालवावा, म्हणजे झाले. मँट साहेबाइतकी धास्ती कोणी घ्यावी असे नाही, परंतु ज्याला थोडीही धास्ती वाटत नाही त्याच्या सहीवर मी तरी मजला चढविणार नाही. आणि यंत्राला ती वाटत नसते.

त्या नात्यातल्या घरी पुढे काय झाले, असे कोणी विचारील. जुन्या भिंतीवर भार न देता, अंगणाच्या बाजूने स्वतंत्र पाया घेऊन चार नवे खांब उभे करावयाचे ठरले आहे, आणि खोल्या त्यांवर. हा दुसरा नकाशाही त्याच यंत्राने केला, आणि तोही तासाभरात. फरक इतकाच की या वेळी त्याला भिंतीविषयी खरे सांगितले होते, आणि सांगणारा माणूस कुदळ घेऊन जाऊन आला होता. खर्च पहिल्यापेक्षा दीडपट येतो, म्हणून घरात अजून कुरबूर चालू आहे. खांबांचे खड्डे पोळा झाल्यावर, पावसाने उघडीप दिली की घ्यावयाचे. ज्यांना भिंती मोजावयास जावयाचे असेल त्यांनीही तोच सुमार धरावा. ओल कोठवर चढली होती याची रेघ तेव्हा भिंतीवर स्पष्ट दिसते, आणि दिवाळीचा गिलावा अद्याप झालेला नसतो.